आयपीएल झालं की डिस्क गायब: मेनफ्रेमवरच्या लिनक्सचं दर पॅचिंगला उगवणारं दुखणं

आयपीएल म्हणजे मेनफ्रेमच्या भाषेत बूट. मेनफ्रेमच्या झेड/व्हीएम या हायपरवायझरखालचा लिनक्स गेस्ट (व्हर्च्युअल मशीन) महिनोन्‌महिने कुरकुर न करता चालतो. मध्येच कधीतरी जागा कमी पडते, स्टोरेजवाले एक डॅस्डी (मेनफ्रेमची डिस्क) देतात, ती एलव्हीएममध्ये (लिनक्सच्या लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजरमध्ये) जोडली जाते, ‘डीएफ’ मारलं की वाढलेली जागा दिसते आणि तिकीट बंद होतं. पुढच्या तिमाही पॅचिंगला गेस्ट रीबूट केला की कन्सोलवर एकच ओळ पुन्हा पुन्हा उतरायला लागते: ‘ड्रॅकट-इनिटक्यू टाइमआउट, स्टार्टिंग टाइमआउट स्क्रिप्ट्स’. काही मिनिटं हा जप चालतो. मग रूटचं लॉजिकल व्हॉल्यूम अस्तित्वातच नाही अशी वॉर्निंग येते आणि ड्रॅकटचा, म्हणजे रूट माउंट होईपर्यंतचं बूट सांभाळणाऱ्या टूलचा, प्रॉम्प्ट समोर येऊन थांबतो.

ब्रिज कॉलवर पहिला संशय पॅचवर जातो. तो बहुतेक वेळा चुकीचा असतो आणि तपासायलाही सोपा आहे. बूट मेनूतून जुना कर्नल निवडून पुन्हा आयपीएल करा. तोही त्याच जागी अडकला तर नवा कर्नल निर्दोष आहे. खरा प्रकार असा की मधल्या काळात आलेली डिस्क चालत्या मशीनला जोडली गेली, पण पुढच्या आयपीएलला ती कोणी जोडायची हे कुठेच लिहिलं गेलं नाही. चालती मशीन याबद्दल चकार शब्द काढत नाही. रीबूट उशिरा झाला म्हणून दुखणं उशिरा बाहेर आलं, एवढंच.

पुढे जाण्याआधी एक सांगतो. कमांडची नावं इथे आपण तोंडी म्हणतो तशी लिहिली आहेत. टर्मिनलवर ती स्मॉल अक्षरांत, सलग टाइप करायची; फक्त ग्रबीपुढचे ‘ऑल’ आणि ‘डीफॉल्ट’ कॅपिटलमध्ये. सीएच म्हणजे चेंज, एलएस म्हणजे लिस्ट, झेडडेव्ह म्हणजे झेड-डिव्हाइस, सीसीडब्ल्यू म्हणजे चॅनल कमांड वर्ड, आणि झिपल (बूटलोडर लिहिणारी कमांड) म्हणजे झेड, आय, पी, एल ही चार अक्षरं. एवढं डोक्यात असलं की स्पेलिंग आपोआप येतं.

पीसीवर हे होत नाही, इथे का होतं

साध्या सर्व्हरला डिस्क लावली की कर्नल ती स्वतः शोधून वापरायला घेतो. मेनफ्रेमवर डिस्क दिसणं आणि डिस्क वापरात येणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. १९६४च्या सिस्टिम/३६०पासून इथला आय/ओ चॅनलमधून चालतो आणि एका चॅनल सबसिस्टिममागे हजारो डिव्हाइस असू शकतात. एलपारमध्ये (मेनफ्रेमच्या हार्डवेअरच्या एका विभागात) थेट लिनक्स चालवत असाल तर शेजारच्या झेड/ओएस या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या डिस्कही डोळ्यांसमोर असू शकतात. लिनक्सनं उठल्याउठल्या त्या सगळ्या ताब्यात घेतल्या तर अनर्थ होईल. म्हणून डिव्हाइस मुळात ऑफलाइन असतं आणि कोणीतरी ते मुद्दाम ऑनलाइन करावं लागतं. ०.०.०१५२ असा जो पत्ता दिसतो त्यातलं पहिलं शून्य चॅनल सबसिस्टिमचं, दुसरं सबचॅनल सेटचं, आणि शेवटचे चार हेक्साडेसिमल अंक म्हणजे डिव्हाइस नंबर.

त्यावर आणखी एक कुलूप असतं. रेड हॅटच्या बऱ्याच आवृत्त्यांचा इन्स्टॉलर कर्नलच्या पॅरामीटरमध्ये ‘सीआयओ_इग्नोर=ऑल,!कॉनडेव्ह’ असं टाकून ठेवतो. म्हणजे कन्सोल सोडून बाकी सगळ्यांकडे काणाडोळा कर. सुसेच्या इन्स्टॉलरमध्येही हा पर्याय आहे. बूट लवकर होतं, तक्रार नाही. पण नवी डिस्क दिली आणि ‘एलएससीएसएस’ या डिव्हाइसची यादी देणाऱ्या कमांडमध्ये ती दिसलीच नाही, तर स्टोरेजवाल्यांना फोन करण्याआधी ही काणाडोळ्याची यादी बघा.

दुसरं कारण आकाराचं. ३३९० मॉडेल ९ या जातीची डॅस्डी म्हणजे १०,०१७ सिलिंडर. ४०९६ बाइटच्या ब्लॉकनं फॉरमॅट केलं की एका सिलिंडरमध्ये १८० ब्लॉक बसतात, एकूण १८,०३,०६० ब्लॉक, म्हणून ‘एलएसडॅस्ड’ तिच्यापुढे ७०४३ एमबी दाखवतं. सात जीबीसुद्धा नाही! एवढ्याशा डिस्कवर आजचं डिस्ट्रिब्युशन बसवलं की रूटला दुसरी डिस्क लागते, मग तिसरी. जुन्या मेनफ्रेम शॉपमध्ये मॉडेल ९ देण्याची रीत पडून गेलेली असते, त्यामुळे हे दुखणं तिथे जास्त दिसतं.

कोणत्या शेलमध्ये पडलात ते आधी बघा

प्रॉम्प्ट ड्रॅकटचा असेल तर रूट अजून माउंटच झालेलं नाही. रूटचा एलव्ही (लॉजिकल व्हॉल्यूम) हरवलेल्या डिस्कवरही पसरलेला आहे आणि एलव्हीएम अर्धवट एलव्ही सुरू करायला नकार देतंय. हा नकार योग्यच आहे. जबरदस्तीनं पार्शियल मोडमध्ये सुरू करायच्या भानगडीत पडू नका, डिस्क कुठेही गेलेली नाही.

प्रॉम्प्टऐवजी रूटचा पासवर्ड मागणारा इमर्जन्सी मोड आला असेल तर रूट वर आलेलं आहे. सिस्टिमडीनं एखाद्या डिव्हाइससाठी दीड मिनिट वाट पाहिली आणि हात टेकले. हरवलेल्या डिस्कवर होम किंवा ॲप्लिकेशनचा डेटा आहे. हे प्रकरण सोपं, कारण सगळी टूल्स हाताशी असतात. इथे एफएसटॅबही उघडून बघा. त्यात ‘/डेव्ह/डॅस्डसी१’ अशी नावं असतील तर ती काढा. डॅस्डए, डॅस्डबी ही नावं डिस्क ज्या क्रमानं ऑनलाइन येतील त्या क्रमानं मिळतात. क्रम बदलला की कालची सी आजची डी होते. यूयूआयडी वापरा, नाहीतर ‘/डेव्ह/डिस्क/बाय-पाथ’खालचं ‘सीसीडब्ल्यू-०.०.०१५२-पार्ट१’ हे नाव वापरा.

शेलच आला नाही आणि ‘एचसीपीजीआयआर४५०डब्ल्यू’नं सुरू होणारा, सीपीत (झेड/व्हीएमच्या कंट्रोल प्रोग्रॅममध्ये) शिरल्याचा आणि डिसेबल्ड वेटचा, म्हणजे प्रोसेसर थांबल्याचा, निरोप आला, तर रोग वेगळा आहे. तो झिपलचा, खाली येतोच.

आत्ता गेस्ट उठवायचा आहे

लिनक्सला काही विचारण्याआधी सीपीला विचारा की डिस्क या गेस्टकडे आहे तरी का:

#सीपी क्वेरी व्हर्च्युअल डॅस्ड

यादीत ०१५२ नसेल तर लिनक्समध्ये कितीही डोकं आपटून उपयोग नाही, प्रश्न झेड/व्हीएमच्या बाजूचा आहे. असेल तर रेड हॅटसारख्या सिस्टिमवर सगळ्यांत जलद उपाय म्हणजे आयपीएलच्या कमांडबरोबरच पॅरामीटर देणं:

#सीपी आयपीएल १५० पार्म आरडी.डॅस्ड=०.०.०१५२

‘पार्म’पुढचा मजकूर नेहमीच्या कर्नल पॅरामीटरच्या शेपटाला जोडला जातो. सीपी सगळं कॅपिटल करून टाकतं, पण मजकूर नुसत्या कॅपिटलमध्ये आला तर कर्नल तो स्वतःच स्मॉल करून घेतो, त्यामुळे त्याची चिंता नको. मर्यादा आहे ६४ अक्षरांची. एक आरडी.डॅस्ड म्हणजे रोमन लिपीत १६ अक्षरं. मधल्या जागा धरून तीन डिस्क मावतात, चौथी मावत नाही. ही सोय झेड/व्हीएमखालीच आहे.

ड्रॅकटच्या प्रॉम्प्टवर आधीच पोचला असाल तर तिथूनही जमतं:

सीआयओ_इग्नोर -आर ०.०.०१५२
सीएचसीसीडब्ल्यूडेव्ह -ई ०.०.०१५२
एलव्हीएम व्हीजीचेंज -एवाय
एक्झिट

या कमांड इनिट्रॅमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला मेमरीत येणाऱ्या छोट्या फाइलसिस्टिममध्ये) भरलेल्या नसतील तर ‘/प्रॉक/सीआयओ_इग्नोर’ या फाइलमध्ये इकोनं ‘फ्री ०.०.०१५२’ लिहा, आणि ‘/सिस/बस/सीसीडब्ल्यू/डिव्हायसेस/०.०.०१५२/ऑनलाइन’मध्ये १ लिहा. काम तेच होतं. एक्झिट केल्यावर ड्रॅकट पुन्हा रूट शोधतं आणि बूट पुढे सरकतं.

३२७०चं कन्सोल हे स्वतंत्र प्रकरण

लिनक्समध्ये मुरलेली पण मेनफ्रेम नवीन असलेली मंडळी इथेच, म्हणजे मेनफ्रेमच्या ३२७० टर्मिनलवर, हैराण होतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उजवीकडे खाली ‘मोअर...’ किंवा ‘होल्डिंग’ दिसत असेल तर गेस्ट हँग झालेला नाही. स्क्रीन भरलाय आणि तो तुमची वाट बघतोय. क्लिअर की दाबा. ही की एमुलेटरमध्ये कीबोर्डवर कुठे बसवली आहे ते शांतपणाच्या वेळी शोधून ठेवा. ‘#सीपी टर्म मोअर ० ०’ दिलं की स्क्रीन थांबणं बंद होतं, पण मग ओळी भराभर पळतात. मी बूटपुरतं ते चालू ठेवतो. थांबलेल्या स्क्रीनमुळे कन्सोलवर लिहिणारा गेस्टही खोळंबू शकतो, आणि मग टाइमआउट खरा की खोटा तेच कळेनासं होतं.

‘सीपी रीड’ दिसलं तर गेस्टच थांबवलेला आहे. डिस्कनेक्ट झालेल्या गेस्टवर पुन्हा लॉगऑन केलं की हे होतं. ‘बिगिन’ टाइप करून एंटर मारा, आणि ‘सेट रन ऑन’ प्रोफाइलमध्येच घालून ठेवा.

आता सगळ्यांत छळणारा प्रकार. सीपी तुमची ओळ लिनक्सला देण्याआधी स्वतः वाचतं आणि काही चिन्हं गिळतं. मूळ सेटिंगमध्ये ‘@’ म्हणजे मागचं अक्षर खोडा, ‘#’ म्हणजे ओळ संपली, आणि दुहेरी अवतरणचिन्ह म्हणजे पुढचं चिन्ह जसंच्या तसं ठेवा. रूटच्या पासवर्डमध्ये ‘@’ असेल तर इमर्जन्सी मोडमध्ये कितीही काळजीपूर्वक टाइप करा, लॉगिन होणार नाही, कारण लिनक्सपर्यंत ‘@’ पोचतच नाही आणि त्याच्या आधीचं अक्षरही पोचत नाही. एसएसएचनं तोच पासवर्ड व्यवस्थित चालतो, त्यामुळे लोक पासवर्ड बदलला कोणी याची चौकशी सुरू करतात. आधी हे द्या:

#सीपी टर्म चारडेल ऑफ
#सीपी टर्म एस्केप ऑफ

मगच पासवर्ड टाका. स्क्रिप्टच्या ओळीत ‘#’ असेल तर तिथेही ओळ तुटते. ‘#’ असलेली कमांड या कन्सोलवर टाळलेलीच बरी.

कंट्रोल-सी इथे नाही. ‘^’ आणि ‘सी’ अशी दोन चिन्हं टाइप करून एंटर मारायचं. व्हीआय चालत नाही. फाइल बदलायची तर सेड वापरा. एचएमसीवरून (मेनफ्रेमच्या हार्डवेअर कन्सोलवरून) एलपार चालवत असाल तर ‘ऑपरेटिंग सिस्टिम मेसेजेस’ सोडून इंटिग्रेटेड एएससीआयआय कन्सोल उघडा, तिथे व्हीआय नीट चालतं.

बूट मेनूचंही असंच आहे. झिपलच्या मेनूत नुसतं १ टाइप करून काही होत नाही. ‘#सीपी व्हीआय व्हीएमएसजी १’ असं द्यावं लागतं. इथलं व्हीआय म्हणजे एडिटर नव्हे, सीपीची व्हीइनपुट कमांड. मेनूत ती सूचना लिहिलेली असते, पण घाईत कोण वाचतो.

कायमचा इलाज

गेस्ट उठला की विंडो संपायच्या आत हे उरकून टाका. सकाळवर ढकललेलं काम पुढच्या तिमाहीत पुन्हा भेटतं.

रेड हॅटच्या पद्धतीत डिस्क दोन जातींच्या. रूटला लागणाऱ्या डिस्क कर्नलच्या पॅरामीटर ओळीत ‘आरडी.डॅस्ड=’नं लिहायच्या, बाकीच्या ‘/ईटीसी/डॅस्ड.कॉन्फ’मध्ये. पहिल्या जातीच्या डिस्क बूटच्या अगदी सुरुवातीला ऑनलाइन येतात, दुसऱ्या जातीच्या रूट माउंट झाल्यानंतर. गोची इथेच आहे. डिस्क आली त्या दिवशी ती डेटाची होती, म्हणून कोणीतरी शहाण्यासारखं डॅस्ड.कॉन्फमध्ये लिहिलंसुद्धा. नंतर रूट भरलं, व्हॉल्यूम ग्रुप एकच होता, त्यात या डिस्कवर मोकळी जागा होती, आणि एकानं एलव्हीएक्सटेंडनं रूट वाढवलं. त्या क्षणी डिस्कची जात बदलली. कोणतीही कमांड चुकली नाही, कोणताही एरर आला नाही, फक्त डॅस्ड.कॉन्फमधली नोंद आता उशिराची ठरली. ‘नोंद तर आहे ना’ म्हणून तपास थांबवू नका.

आवृत्ती ८पासून बूट एंट्री ‘/बूट/लोडर/एंट्रीज’मध्ये असतात, तेव्हा ग्रबी वापरा:

ग्रबी --अपडेट-कर्नल=ऑल --आर्ग्स=आरडी.डॅस्ड=०.०.०१५२
झिपल

‘ऑल’ महत्त्वाचं. एकाच एंट्रीत बदल करून ठेवला तर पॅचबरोबर येणाऱ्या नव्या कर्नलच्या एंट्रीत तो असेलच असं धरू नका. कर्नल बसल्यावर ‘ग्रबी --इन्फो=डीफॉल्ट’ मारून ओळ डोळ्यांनी वाचा, मग रीबूट करा. आवृत्ती ७वर ही ओळ ‘/ईटीसी/झिपल.कॉन्फ’मध्ये असते.

सुसे आणि उबंटूवर ‘सीएचझेडडेव्ह -ई ०.०.०१५२’ ही एकच कमांड डिस्क चालूही करते आणि नोंदही ठेवते. उबंटूच्या एस/३९० (मेनफ्रेमवरच्या) आवृत्तीत तर ती सुरुवातीपासून, म्हणजे १६.०४पासून आहे. जुन्या रनबुकमध्ये मात्र अजून सीएचसीसीडब्ल्यूडेव्ह लिहिलेलं असतं, आणि ते फक्त आत्तापुरतं चालू करतं. रनबुकमधली ती ओळ आजच बदला.

सीएचझेडडेव्ह हुशार आहे. डिव्हाइस रूटशी संबंधित असेल तर इनिट्रॅमएफएस नव्यानं बनवायची व्यवस्था करतं. पण त्याची हुशारी कमांड दिली त्या क्षणापुरती. आपण नेहमी आधी डिस्क ऑनलाइन करतो, मग फॉरमॅट, मग पार्टिशन, मग व्हीजीएक्सटेंड. सीएचझेडडेव्ह चाललं तेव्हा ती डिस्क रूटची नव्हतीच! नंतर ती रूटची झाली हे त्याला कोणी सांगत नाही. म्हणून रूटचा एलव्ही वाढवल्यावर इनिट्रॅमएफएस पुन्हा बनवायची आणि बूटलोडर पुन्हा लिहायचा, दोन्ही आपल्या हातानं. सुसेवर ‘ड्रॅकट -एफ’ आणि त्यांची बूटलोडरची कमांड, उबंटूवर ‘अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू’ आणि मग झिपल.

झिपल पुन्हा का चालवायचं

झिपलला फाइलसिस्टिम समजत नाही. ते चालवताना कर्नल, इनिट्रॅमएफएस आणि पॅरामीटर ओळ डिस्कच्या कोणत्या ब्लॉकवर आहेत त्याची यादी करून डिस्कवर लिहून ठेवतं, आणि आयपीएलच्या वेळी ते ब्लॉक सरळ उचलून मेमरीत टाकले जातात. झिपल.कॉन्फमध्ये तुम्ही कितीही सुंदर ओळ लिहा, झिपल चालवलं नाही तर आयपीएलला जुनीच ओळ मिळते. इनिट्रॅमएफएस नवी बनवली आणि झिपल विसरलं तर त्याहून वाईट: यादीतले ब्लॉक आता मोकळे झालेले असतात, त्यावर दुसरं काही लिहिलं गेलेलं असू शकतं. जुना माल अजून शाबूत असेल तर मशीन जुन्या इनिट्रॅमएफएसवर उठते आणि तुम्ही केलेला बदल लागूच होत नाही. शाबूत नसेल तर मघाशी म्हटलेला डिसेबल्ड वेट. पहिला प्रकार जास्त फसवा, कारण मशीन उठते. म्हणून उठल्यावर ‘/प्रॉक/सीएमडीलाइन’ वाचायची सवय लावा.

सुसेमध्ये झिपल पहिल्या टप्प्यापुरतं आणि त्यापुढे ग्रब२ असतं, त्यामुळे झिपल हातानं चालवायची गरज पडत नाही. दोन्ही डिस्ट्रिब्युशन सांभाळणाऱ्या टीममध्ये एकाची सवय दुसऱ्यावर चालवली जाते, तेवढं जपा.

डिस्क सीपीलाच दिसत नसेल तर

हा प्रकार ओळखायची खूण: लिनक्समधून नुसतं रीबूट केलं तर सगळं ठीक, पण गेस्ट पूर्ण बंद करून चालू केला किंवा अख्खं झेड/व्हीएम खाली-वर झालं की डिस्क गेली. रीबूटमध्ये गेस्ट लॉगऑफ होत नाही, नुसतं पुन्हा आयपीएल होतं, त्यामुळे लिंक किंवा ॲटॅचनं चालत्या गेस्टला दिलेली डिस्क टिकते. लॉगऑफ झालं की ती सुटते. झेड/व्हीएमच्या यूजर डिरेक्टरीमध्ये (गेस्टच्या नोंदींच्या फाइलमध्ये) एमडिस्क किंवा लिंकची ओळ नसेल तर पुढच्या लॉगऑनला ती परत येणार नाही.

म्हणजे पॅचिंगला कितीही वेळा रीबूट होऊन गेस्ट सुखरूप उठला, तरी ही ओळ तपासली गेलेली नसते. ती तपासली जाते हायपरवायझरच्या मेंटेनन्सला, आणि त्या वेळी एकदम सगळे गेस्ट खाली असतात. लिनक्समधून रूटनं ‘व्हीएमसीपी क्वेरी व्हर्च्युअल डॅस्ड’ चालवा, ती यादी डिरेक्टरीतल्या नोंदीशी ताडून बघा. डिरेक्टरी झेड/व्हीएमवाल्यांच्या ताब्यात असते, तेव्हा त्यांच्याकडून नोंद मागवावीच लागते. गोड बोलून महिन्याला एकदा मागवा.

डिस्क दिसते पण फक्त वाचण्यापुरती, असंही होतं. दुसऱ्या एखाद्या गेस्टनं ती आधीच लिहिण्याच्या हक्कानं घेतलेली असते, बहुधा क्लोन करताना राहून गेलेली. अशा वेळी एमडब्ल्यू मोड लावून दोघांनाही लिहायला देऊ नका. फाइलसिस्टिम नक्की फाटते.

कोणते गेस्ट पडणार ते आधी शोधणं

‘एलएसझेडडेव्ह’ टाकलं की डॅस्डीची यादी अशी दिसते:

टाइप — आयडी — ऑन — पर्स — नेम्स
डॅस्ड-ईसीकेडी — ०.०.०१५० — येस — येस — डॅस्डए
डॅस्ड-ईसीकेडी — ०.०.०१५१ — येस — येस — डॅस्डबी
डॅस्ड-ईसीकेडी — ०.०.०१५२ — येस — नो — डॅस्डसी

तिसरी ओळ बघा. ऑन आहे, पर्समध्ये, म्हणजे कायमच्या नोंदीत, नो आहे. आज चालू, उद्याची हमी नाही. सगळ्या गेस्टवर ही कमांड फिरवून ‘येस’नंतर ‘नो’ असलेल्या ओळी काढल्या की पुढच्या पॅचिंगच्या रडारडीतला मोठा वाटा आधीच हाती लागतो.

उरलेला वाटा असा की पर्समध्ये येस आहे पण डिस्क रूटखाली शिरली आहे. त्यासाठी ‘एलव्हीएस -ओ +डिव्हायसेस’ बघा: रूटचा एलव्ही ज्या ज्या डॅस्डवर आहे, तिचा नंबर एलएसडॅस्डमधून घ्या आणि तो पुढच्या बूटच्या पॅरामीटर ओळीत आहे का ते पाहा. सुसे-उबंटूवर ओळीऐवजी इनिट्रॅमएफएसच्या आत तिची युडेव्हची नियमाची फाइल आहे का ते पाहा. ‘एलएसइनिटआरडी’ किंवा ‘एलएसइनिट्रॅमएफएस’च्या आउटपुटमध्ये नंबर ग्रेप करा.

हे सगळं केल्यावरही माझं स्पष्ट मत असं की रूटचा व्हॉल्यूम ग्रुप वेगळा आणि एकाच डिस्कवर असावा, त्यात दुसरी डिस्क कधीच घालू नये. मॉडेल ५४ची डिस्क ६५,५२० सिलिंडरची असते, ४ केबी ब्लॉकनं तिची जवळपास ४५ जीबी होते. रूटला पुष्कळ झाली. स्टोरेजवाले ‘आमच्याकडे मॉडेल ९च स्टँडर्ड’ म्हणतील. रूटपुरता अपवाद मागा आणि तो लेखी घ्या. सहा मॉडेल ९ एकमेकींना बांधून जे मिळतं ते एकीत मिळतं, आणि सहातली एक रुसली म्हणून मशीन बसत नाही. पत्त्यांनाही शिस्त लावा: ०१५० ते ०१५एफ रूटच्या, ०२००पासून पुढे डेटाच्या. मग रूटच्या ग्रुपमध्ये ०२०४ दिसली की डोळ्यांना लगेच खटकतं.

आणि रूटला हात लावला असेल त्याच दिवशी एक आयपीएल करून घ्या. चेंजवाले डाउनटाइम द्यायला कुरकुर करतात; त्यांना विचारा, माणूस हजर असताना दहा मिनिटं हवीत की रविवारी पहाटे तीन तास.

डॅस्डीऐवजी एफसीपीवर (फायबर चॅनलवरच्या स्कझी डिस्कवर) असाल तर चित्र थोडं निराळं. एनपीआयव्ही (प्रत्येक एफसीपी डिव्हाइसला फायबर चॅनलवर स्वतंत्र ओळख देणारी सोय) चालू असेल तर लनची (स्टोरेजमधल्या लॉजिकल डिस्कची) ऑटो-स्कॅन मूळ सेटिंगमध्ये चालू असते, झोनिंग आणि मॅपिंग झालं की नवा लन आपोआप दिसतो आणि वरचा बराचसा व्याप वाचतो. फक्त एफसीपी डिव्हाइस स्वतः बूटच्या वेळी ऑनलाइन यायला हवं. एनपीआयव्ही नसेल तर प्रत्येक पाथसाठी ‘आरडी.झेडएफसीपी=’मध्ये डिव्हाइस नंबर, डब्ल्यूडब्ल्यूपीएन (स्टोरेजच्या पोर्टचा पत्ता) आणि लन असं तिन्ही लिहावं लागतं. चार पाथ आणि तीन लन म्हटलं की बारा नोंदी. जुन्या कर्नलमध्ये पॅरामीटर ओळीची मर्यादा ८९६ बाइट होती, तिथे हे पटकन भरतं. ओळीत रूटपुरतेच लन ठेवा, बाकीचे ‘/ईटीसी/झेडएफसीपी.कॉन्फ’मध्ये घाला.